इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिशचा इतिहास : सुरुवात कोठून करावी
एकोणिसाव्या शतकातील एखाद्या इंग्लिश ग्रामीण पॅरिशचा (एका चर्चच्या अखत्यारीतील गाव-परिसराचा) अभ्यास तुम्ही हाती घेणार असाल, तर चर्चच्या नोंदवह्यांआधी टाइद (दशांश) नकाशा मिळवावा, असे मी सुचवेन. 1836 च्या कायद्याने चर्चला द्यावयाचा शेती-उत्पन्नाचा दशांश धान्याऐवजी रोखीत ठरू लागला आणि त्यासाठीच्या मोजणीत प्रत्येक शेताचा क्रमांक, मालक, कसणारा, क्षेत्रफळ व बहुधा शेताचे नावही नोंदले गेले. सातबारा वाचण्याची सवय असलेल्याला हा कागद लगेच उमगतो. सामायिक जमिनींना कुंपणे पडतानाच जेथे हा दशांश मिटला होता, तेथे मात्र असा नकाशा सहसा सापडत नाही.

त्यानंतर 1851 ची जनगणना पाहावी. कारण त्याआधीच्या 1841 च्या जनगणनेत 15 वर्षांवरील व्यक्तींची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, म्हणजे 39 वर्षांचा शेतमजूर तेथे 35 चा दिसतो, आणि जन्मगाव तर मिळतच नाही. बाप्तिस्म्याच्या छापील नोंदींत 1813 पासून वडिलांचा व्यवसाय आढळतो. पण बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख समजू नये, आणि अर्भकांना बाप्तिस्मा न देणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाची कुटुंबे तेथे दिसली नाहीत तर नवल मानू नये.

गरिबांच्या मदतीचे हिशेब 1834 पर्यंत पॅरिशच्याच वह्यांत असतात. पुढे तो कारभार अनेक पॅरिशांच्या युनियनकडे गेल्यामुळे काउंटीच्या अभिलेखागारात युनियनच्या नावानेच शोध घ्यावा लागतो.