हायले गेरिमा यांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

परदेशात राहून काम करणाऱ्या आफ्रिकी दिग्दर्शकांपैकी आपण अभ्यासासाठी गेरिमा यांची निवड केलीत, हे उत्तम झाले. मात्र सगळे चित्रपट एकदम जमवण्याच्या मागे लागू नका. आरंभी दोनच पुरेत.

पहिला १९७६ चा ‘हार्वेस्ट: ३००० इयर्स’. हा इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतला कृष्णधवल चित्रपट संथ आहे, पण घाई करू नये. जमीनदार बसल्या जागेवरून कुळांवर खेकसतो आणि कॅमेरा शेतात राबणाऱ्यांवर रेंगाळत राहतो, त्या रेंगाळण्यातच सारे म्हणणे आहे. दुसरा १९९३ चा ‘सँकोफा’, आफ्रिकी लोकांच्या गुलामगिरीवरचा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कारकीर्द म्हणजे केवळ चित्रपटांची यादी, असे मानणे. इथिओपियातील गोंदर येथे जन्मलेले गेरिमा १९६७ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले आणि १९७५ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. ‘सँकोफा’ला अमेरिकेत वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तो लोकांपर्यंत नेला, पुढे पत्नी शिरिकियाना आयना यांच्यासह विद्यापीठासमोरच पुस्तकांचे आणि चित्रफितींचे दुकान थाटले. माझ्या मते हे दुकान त्यांच्या कोणत्याही पुरस्काराइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरी चूक त्यांना निव्वळ ‘निर्वासित’ ठरवून मोकळे होण्याची; त्यांचे शिकवणे आणि हे दुकान त्या एका शब्दात मावत नाही. त्यांचा नंतरचा चित्रपट ‘तेझा’ (२००८) आणि लॉस एंजेलिसमधील विद्यार्थीदशेतील कृष्णवर्णीय चित्रपटकारांची चळवळ तूर्त बाजूला ठेवा. आधी हे दोन चित्रपट पाहून आपली टिपणे काढा, मग पुढचे बोलू.