पत्रिका फायनल, फायनल 2, खरंच फायनल

प्रश्न: नमस्कार ताई, नाशिकला आमचं छोटं प्रिंटिंग प्रेस आहे, मी धरून नऊ जण. ऑर्डर, प्रूफ, उधारी सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. लग्नसराईत घोळ झाला. पार्टीने मुहूर्त 11.42 चा 12.17 करून पाठवला, डीटीपीवाल्या पोराने दुरुस्तही केला, पण छपाईची प्लेट निघाली ती आधीच्याच फाइलची. 500 पत्रिका रद्दीत. भाचा म्हणतो स्लॅक (ऑफिसातल्या गप्पांचं अ‍ॅप) घ्या, बायको म्हणते आधी त्या पोराला झापा. काय करू?

उत्तर: दादा, पोराला झापू नका, त्याने त्याचं काम केलंय की. तुमच्या कॉम्प्युटरवर 'पत्रिका फायनल', 'फायनल 2' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फायली शेजारी शेजारी बसल्या असणार, पैज लावते. आणि ग्रुपवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल, चहावाल्याचे पैसे कोणी दिले आणि त्याच्या खाली कुठेतरी मुहूर्त बदला, मग सापडणार कसं.

भाच्याचं स्लॅक वाईट नाहीये. मजा म्हणजे ते बनलं एका ऑनलाइन गेमच्या नादात, ग्लिच नावाचा गेम होता, तो करणाऱ्यांनी आपसात बोलायला हे घरच्या घरी बनवलं, गेम 2012 ला बंद पडला आणि हे चाललं, इतकं की 2021 ला सेल्सफोर्स नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने 27.7 अब्ज डॉलरला घेतलं. पण फुकटातल्या प्लॅनमधे मागचे 90 दिवसांचेच मेसेज दिसतात, आणि तुमचा गिऱ्हाईक तर पुढच्या सीझनला येऊन म्हणणार, मागच्या वर्षी छापलेली तशीच द्या. शिवाय गप्पा त्या गप्पाच, इथे मारा नाहीतर तिथे, कोणती फाइल छापायची ते एका जागी लिहिलेलं नसेल तर स्लॅकवर पण हाच घोळ होईल.

म्हणून आधी एक साधी गूगल शीट करा. ऑर्डर नंबर, पार्टी, फाइलची लिंक, आणि शेवटचा कॉलम 'ओके कोणी दिलं, कधी'. तो कॉलम रिकामा असेल तर प्लेट काढायची नाही, बस. कोणी गुपचूप काही बदललं तर कॉम्प्युटरवर त्या सेलवर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा, नावासकट दिसतं (हे दिसतं हे पोरांना आधीच सांगून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं).

फाइल गूगल ड्राइव्हवर, आणि एका ऑर्डरची एकच. दुरुस्ती झाली की नवीन नावाने सेव्ह नाही करायचं, मॅनेज व्हर्जन्समधे जाऊन त्याच फाइलवर नवीन चढवायची, लिंक तीच राहते आणि उघडली की ताजीच उघडते. जुनी पण मागे असते, साधारण 30 दिवस. जागा फुकटात 15 जीबी, त्यात जीमेल पण आलं, तुमच्या कोरलच्या (डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) जड फायलींनी ती भरेल तेव्हा पैसे भरायचं बघू.

पार्टीला यात ओढू नका, ती व्हॉट्सअ‍ॅपवरच राहणार. तिचा बदल आला की शीटमधलं ओके पुसायचं आणि नवीन प्रूफ पास झालं की परत भरायचं, हे काम एकाच माणसाचं, आणि तो माणूस शक्यतो तुम्ही नको, तुम्ही सारखे बाहेर असणार. मशीनवरच्या काकांना मोबाइलवर शीट बघायचा कंटाळा येत असेल तर ओके झालेल्या ऑर्डरची प्रिंट काढून मशीनशेजारी लावा, प्रेस तर तुमचंच आहे.