कॉलेजच्या स्पर्धेसाठी स्वतःचीच एकांकिका लिहायची आहे, पण चार पानांपुढे जात नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नाशिकच्या एका कॉलेजातले तुम्ही बारा जण, यंदा बाहेरची संहिता न घेता स्वतः लिहायचं ठरवलंय, स्पर्धा दहा आठवड्यांवर आहे, विषय 'द्राक्ष बागायतदाराची व्यथा', लिहून झालीत चार पानं, आणि बाराही जणांना काम हवंय.

चार पानांवर अडलात, कारण व्यथा चार पानांतच संपते. पाचव्या पानाला भानगड लागते. रंगमंचावर माणूस यावा लागतो, त्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी हवं असावं लागतं आणि त्याला कुणीतरी आडवं यावं लागतं. म्हणून ती चार पानं बाजूला ठेवा आणि आधी एवढं एक वाक्य भरा: अमक्याला अमुक हवंय, अमक्या वेळेच्या आत, पण तमका ते होऊ देत नाही. या वाक्यात 'समाज', 'व्यवस्था', 'परिस्थिती' असले शब्द आले की वाक्य बाद. व्यवस्था विंगेतून एंट्री घेत नाही, गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा वसुलीवाला घेतो.

तुमच्याच विषयावर करून दाखवतो. निफाडकडची एक बाग. माल तयार, व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला, इसार घेतलेला, काढणी दोन दिवसांवर. संध्याकाळी आभाळ भरून येतं. पाऊस झाला तर मणी तडकणार आणि मग व्यापारी बागेकडे ढुंकून बघणार नाही. दुसरा एक व्यापारी उजाडताच मजूर लावून माल काढायला तयार आहे, रोख पैसे, पण भाव निम्मा. बाप म्हणतो, शब्द दिलाय. मुलगा म्हणतो, निम्मे तर निम्मे. आता वाक्य भरा: मुलाला बापाचा होकार हवाय, उजाडायच्या आत, आणि बाप शब्दाला अडून बसलाय. एक रात्र, एक पडवी, तीन-चार माणसं. कर्ज, हवामान, बाजार हे सगळं यात आपोआप येतं, त्यासाठी भाषण लागत नाही.

हिशोब मात्र पक्का ठेवा. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली तर माल साधारण चार महिन्यांनी काढणीला येतो, म्हणजे तुमची रात्र फेब्रुवारीतली हवी. एप्रिल हा खरडछाटणीचा, म्हणजे माल निघाल्यावर वेल खरडून छाटायचा महिना. मे महिन्यात घड तोडताना दाखवलेत तर पिंपळगावसारख्या द्राक्षाच्या गावचा प्रेक्षक तिथेच सुटला, आणि नाशिकच्या नाट्यगृहात असा प्रेक्षक हमखास असतो. एखाद्या बागायतदाराकडे दोन तास बसून या, वही घेऊन. त्यांचं दुःख विचारू नका. इसार किती देतात, क्रेट कुणाचे, मजुरांची गाडी किती वाजता येते, रात्री आभाळ आलं की ते नेमकं काय करतात, हे विचारा. नाटक या उत्तरांत असतं.

आता लांबी. टाइप केलेलं ए-फोर पान, संवाद सुटे सुटे, म्हणजे २५० ते ३०० शब्द. हालचाली आणि थांबे धरून असं एक पान रंगमंचावर अडीच ते तीन मिनिटं घेतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची एकांकिका म्हणजे १५ ते १७ पानं, साधारण ४००० ते ४५०० शब्द. वेळेची मर्यादा स्पर्धेगणिक बदलते, ती नियमपत्रिकेत बघा आणि तिच्यापेक्षा पाच मिनिटं कमी धरून लिहा. बसून वाचताना ३६ मिनिटं झाली तर उभ्या तालमीत ती ४२ होतात, आणि प्रयोगात हशा-टाळ्या मिळाल्या तर आणखी वाढतात. वेळ ओलांडली म्हणून बाद झालेल्या संघाचं कुणाला वाईट वाटत नाही.

या १५-१७ पानांत काय कुठे असावं याचा ढोबळ अंदाज देतो, नियम म्हणून नको. तिसऱ्या पानापर्यंत पेच समोर आलेला असावा. दहाव्या पानाच्या आसपास असं काही उघड व्हावं की आधीचं सगळं वेगळं दिसायला लागेल: वरच्या गोष्टीत, आईने नवऱ्याला न सांगता दुसऱ्या व्यापाऱ्याचे पैसे आधीच घेतलेले आहेत. त्यानंतर नवं पात्र आणू नका, नवी माहिती देऊ नका, आहेत त्या माणसांनाच एकमेकांत सोडा. बहुतेक नवख्या संहिता उलट्या बांधलेल्या असतात. पहिली आठ पानं ओळख, मग घाईघाईने पेच, आणि शेवटच्या दोन पानांत एकजण पुढे येऊन प्रेक्षकांना सुनावतो. शिरवाडकर आणि कानेटकर हे दोघेही नाटककार नाशिकचे, त्यामुळे की काय, आपल्याकडच्या पोरांना स्वगताचा मोह जरा जास्तच. अख्ख्या एकांकिकेत एक स्वगत, तेही अर्ध्या पानाच्या आत. तेवढंही नसलं तरी चालतं.

संवादांत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो माहिती देण्यात. तुमच्या चार पानांत बहुधा असं काही असणार:

बाप: तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी गारपीट झाली आणि सोसायटीचं चार लाख कर्ज थकलं.
आई: हो ना, आणि आता ते लोक रोज घरी येतात.

दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघं एकमेकांना सांगताहेत, म्हणजे सांगताहेत प्रेक्षकांना. हेच असं करून बघा:

आई: (थर्मास ठेवत) सोसायटीचा माणूस येऊन गेला.
बाप: चहा दिला?
आई: बसला नाही.
बाप: बरं झालं.
आई: उद्या बसतो म्हणाला.

कर्जाचा आकडा नाही, गारपीट नाही, तरी घरावर काय आलंय ते कळलं. बाप विषय टाळतो आणि आई तो टाळू देत नाही, हेही कळलं. गारपिटीचं पुढे कुठेतरी येईल, जेव्हा ती गोष्ट बापाच्या तोंडावर फेकायची कुणाला तरी गरज पडेल. माहिती शस्त्र झाली की ती ऐकू येते. संहिता तपासताना 'तुला माहीतच आहे', 'आठवतं का', 'अरे आपण तर' या शब्दांखाली लाल रेघ मारा. त्या वाक्यांपैकी निम्मी तरी काढावी लागतील.

बोलीबद्दल. 'काय बी', 'न्हाय', 'व्हय' लावलं की शेतकरी तयार होत नाही, तो सिनेमातला शेतकरी होतो. निफाड-दिंडोरीकडचं बोलणं वेगळं, बागलाण-मालेगाव-कळवणकडे अहिराणी, सुरगाणा-पेठला कोकणा आदिवासींची कोकणी (गोव्याची नव्हे) बोलतात. पात्र कुठल्या गावचं ते ठरवा आणि तुमच्या बाराजणांत त्या भागातलं कुणी असेल तर त्याच्याकडून ती पानं मोठ्याने वाचून घ्या. त्याची जीभ जिथे अडखळेल ते वाक्य चुकलेलं आहे. कुणीच नसेल तर साध्या घरगुती मराठीत लिहा. खोटी बोली ऐकण्यापेक्षा ते बरं.

बारा जणांना काम देण्याचा प्रश्न लेखकाने सोडवू नये. चाळीस मिनिटं भागिले बारा म्हणजे माणशी साडेतीन मिनिटंही येत नाहीत, आणि तेवढ्यात कुणाचंच पात्र उभं राहत नाही. चार किंवा पाच पात्रं ठेवा. प्रकाश, पार्श्वसंगीत, नेपथ्य, रंगभूषा, प्रॉपर्टी (रंगमंचावरच्या वस्तू), प्रॉम्प्टिंग ही कामं उरलेल्यांना पुरून उरतात. मागे कोरस उभा करून सात जणांना काळे कपडे घालायचे, त्यांनीच दार व्हायचं, झाड व्हायचं, पाऊस व्हायचं, हा उपाय आता इतका झिजलाय की पडदा उघडताच परीक्षक पेन खाली ठेवतात. गोष्टीला कोरस हवाच असेल तर जरूर घ्या. सात पोरं रिकामी आहेत, हे त्याचं कारण होत नाही.

लिहिणार कोण? गटाने सुचवायचं, लिहायचं एकट्याने. पहिले दोन आठवडे कागद नकोच. पडवीतला एक प्रसंग द्या, बाप आणि मुलगा उभे करा, प्रत्येकाला फक्त काय हवंय ते कानात सांगा आणि दहा मिनिटं बोलू द्या. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून वापरण्याजोगी तीन-चार मिनिटं निघतात, पण त्यात घरबसल्या सुचणार नाहीत अशी वाक्यं असतात. ती उतरवून एकाच व्यक्तीकडे द्या. पुढचे दोन आठवडे तिने एकटीने पूर्ण खर्डा लिहायचा, आणि या काळात ग्रुपवर सूचना टाकायच्या नाहीत. तिघांनी तीन प्रवेश वाटून घेतले तर बाप पहिल्या प्रवेशात तुसडा, दुसऱ्यात विनोदी आणि तिसऱ्यात तत्त्वज्ञ निघतो. पाचव्या आठवड्यात वाचन आणि फेरलेखन. सहाव्यापासून उभ्या तालमी. शेवटच्या तीन आठवड्यांत वाक्यं फक्त काढायची, नवीन घालायची नाहीत.

वाचन लेखकाने स्वतः करू नये. इतरांना वाचायला द्यावं, आपण घड्याळ आणि पेन्सिल घेऊन मागे बसावं आणि तोंड बंद ठेवावं. 'इथे मला असं म्हणायचं होतं' हे सांगावं लागलं तर ते पानावर नाही. ऐकणारा फोन काढतो ती जागा पेन्सिलीने खूण करा. कापायची सुरुवात तिच्या आधीच्या पानापासून करायची, कारण कंटाळा नेहमी थोडा आधी सुरू झालेला असतो. पहिल्या खर्ड्यातून दहा-पंधरा टक्के गेलं तरी काही बिघडत नाही. उलट प्रवेशाची पहिली चार आणि शेवटची दोन वाक्यं काढून बघा. बहुतेक वेळा प्रवेश तिथेच सुरू व्हायला आणि तिथेच संपायला हवा होता.

काळोख मोजून करा. प्रत्येक ब्लॅकआउटला वीस-तीस सेकंद जातात, प्रेक्षक खोकतो, मोबाइल उजळतात, आणि पुन्हा पकड घ्यायला अर्धं पान खर्ची पडतं. पंधरा पानांत सहा ब्लॅकआउट असतील तर तुम्ही मालिका लिहिताय. कंसातल्या रंगसूचनाही आवरा. '(हृदय पिळवटून टाकणाऱ्या आवाजात)' हे नटाला करता येत नाही. '(कात्री पुसत राहतो)' हे करता येतं.

शेवटाबद्दल एकच सांगतो. बागायतदाराच्या नाटकात तिसऱ्या मिनिटाला दोरी किंवा औषधाची बाटली दिसली की सभागृहाला शेवट कळतो. खऱ्या माणसांच्या मरणाचा असा टाळीसाठी उपयोग करणं मला तरी पटत नाही, आणि नाट्य म्हणूनही ते लंगडं पडतं, कारण त्याने पेच सुटत नाही, नुसता मिटतो. बाप हो म्हणाला का नाही, आणि त्याची किंमत कोण मोजणार, एवढं दाखवा. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी २०२२ साली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. तेव्हा ठरावीक साच्यावर विसंबू नका.

कागदपत्रांकडे नवखे संघ शेवटच्या आठवड्यात बघतात आणि धावपळ होते. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि बऱ्याच स्पर्धा प्रवेशअर्जासोबतच ते किंवा त्याचा क्रमांक मागतात. प्रमाणपत्र मिळतं ते तुम्ही पाठवलेल्या संहितेला, म्हणून फेरलेखन आटोपल्यावर पाठवा, पण सातवा आठवडा उजाडू देऊ नका. कुणाच्या कथेवर आधारलेलं असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि 'स्वतंत्र' न लिहिता 'रूपांतर' लिहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. तुमच्यातही लेखक म्हणून कुणाचं नाव जाणार हे पहिल्याच आठवड्यात कागदावर सह्या करून ठरवा. बक्षीस मिळाल्यानंतर हा विषय निघाला की संघ फुटतो.

आणि संहितेच्या प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक खर्ड्यावर तारीख टाका. अकरा जणांच्या हातात तीन वेगवेगळे खर्डे असले की तालमीचा पहिला तास 'माझ्याकडे हे वाक्यच नाही' यात जातो.