फुकटचं घ्यावं की विकतचं? आधी काम सांगा

प्रश्न : ताई, अमळनेरला आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या, वर्षाकाठी एखादी स्मरणिका. डिझाइनचं कोरल, पानं लावायचं पेजमेकर, मराठी फाँट सगळं ओळखीच्या पोराने टाकून दिलेलं, बिल वगैरे काही नाही. मुलगा पुण्याहून शिकून आलाय. म्हणतो, हे चोरीचं काढा, विंडोजऐवजी लिनक्स टाका, कोरलऐवजी इंकस्केप आणि पेजमेकरऐवजी स्क्रायबस शिका, एक रुपया लागत नाही. ऐन सीझनला धंदा बसला तर?
— एक प्रेसवाले, अमळनेर

उत्तर : भाऊ, पोरगा खोटं बोलत नाहीये. पण लग्नसराईत गिऱ्हाईक "संध्याकाळी पत्रिका पाहिजेच" म्हणत खुर्ची टाकून बसतं, तेव्हा तो तुमच्या शेजारी नसावा. (या सदरात येणाऱ्या पत्रांत घरातलं एक शिकलेलं पोरगं हमखास असतं. त्याचं ऐकावं, पण कामाची यादी त्याच्या हातात देऊन मग ऐकावं.)

चोरीच्या मालाबद्दल तो म्हणतो ते मात्र शंभर टक्के खरं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ६३बी आहे : चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं, पण प्रेस हा धंदाच झाला. शिवाय क्रॅक, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. दाराची कडी काढून झोपायचं आणि वर घरात पत्रिकांच्या सगळ्या फायली ठेवायच्या, हे बरं नव्हे.

आता तुमचं काम. मला तीन गोष्टी कळायला हव्यात : फाइल तुमच्याकडे कोणत्या रूपात येते, तुम्ही पुढे कोणत्या रूपात देता, आणि जुनं काम किती वेळा पुन्हा उघडता. सॉफ्टवेअरची निवड यावरच ठरते, किमतीचा विचार नंतर.

येणाऱ्या फायली बहुतेक कोरलच्या असणार. मंडळाचा कार्यकर्ता गेल्या वर्षीचा बॅनर पेनड्राइव्हवर आणतो, तो सीडीआर, म्हणजे कोरलच्या स्वतःच्या फाइलच्या रूपातच असतो. इंकस्केप ती फाइल उघडतं, पण रंगछटा, सावल्या, अक्षरांच्या जागा हलतात. एखादी फाइल दुरुस्त करता येईल. सीझनमध्ये रोज येणाऱ्या ढिगापुढे हे जमणार नाही.

जाणारी फाइल प्लेट काढणाऱ्याकडे जाते. त्याने पीडीएफ घेतली तर तुम्ही ती कशात केली याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण इंकस्केप मुळात पडद्याच्या रंगांवर चालतं, छपाईच्या चार रंगांत ते अजून कच्चं आहे. त्यातून काढलेली पीडीएफ प्लेटला गेली की बारीक काळा मजकूर चारही रंगांत फुटतो, आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंग एकमेकांवर नेमके बसणं, केसभर जरी हललं तरी "शुभविवाह"च्या खालच्या ओळींना लाल-निळी सावली धरते. एकरंगी पावत्या-बिलबुकांना हा त्रास नाही. स्क्रायबसचं तसं नाही. ते छपाईसाठीच बनलंय, काळा तो निव्वळ काळा ठेवतं. फक्त जुनी १.४ आवृत्ती घेऊ नका, तिच्यात देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. १.६ घ्या.

खरी गोम जुन्या कामात आहे. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत नाही, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहे. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात आणि नव्वद टक्के काम ते करतात. उरलेल्या दहा टक्क्यांत अब्रू जाते. रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, ऱ्ह फुटतो. भुसावळ तालुक्यातल्या "कुऱ्हे पानाचे"ची पत्रिका काढून बघा. गावाचं नाव चुकलेली पत्रिका मुलीचा बाप घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बदललेला प्रत्येक मजकूर डोळ्यांनी वाचावाच लागतो.

पेजमेकरचं सांगायचं तर त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. ते आज ना उद्या नव्या मशीनवर बसायचं थांबणार, मग ते चोरीचं असो की रोखीचं. लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये पेजमेकरच्या जुन्या फायली उघडतात. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो. आत्तापासून थोड्या थोड्या काढून ठेवा.

माझं मत असं. एका मशीनवर विंडोज राहू द्या आणि कोरल रीतसर विकत घ्या. पत्रिका आणि बाहेरून आलेल्या फायली तिथे. ज्यावर पोट आहे त्या एका हत्याराला पैसे मोजायला लाजू नये. स्मरणिका आणि बिलबुकं स्क्रायबसवर न्या, नवा मजकूर फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्ता, बालू हे मुंबईच्या "एक टाइप" या फाँट बनवणाऱ्यांचे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यात वापरायला कुणाला विचारावं लागत नाही. बालूत पत्रिकेची नावं ठसठशीत येतात. पानं लावायच्या इनडिझाइनच्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन. काम उत्तम करतं, पण ते भाड्यानेच मिळतं, महिना थकला की बंद. वर्षाला एका स्मरणिकेसाठी ते परवडत नाही.

आणि मुलाला एक सांगा : इंकस्केप, स्क्रायबस, लिब्रेऑफिस तिन्ही विंडोजवरही चालतात. ते शिकायला लिनक्स टाकावंच लागतं असं नाही. दोन्ही बदल एकदम केले तर बिघाड झाल्यावर दोष कोणाचा तेच कळत नाही. सुरुवात पितृपंधरवड्यात करा. तेव्हा गणपतीच्या पावत्या आटोपलेल्या असतात आणि पत्रिकांना कुणी फिरकत नाही.

प्रश्न : शहाद्याला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. हिशेब अजून वहीत आणि थोडा एक्सेलमध्ये. टॅली घ्यावं म्हणते, पण पुतण्या म्हणतो ईआरपीनेक्स्ट फुकट आहे आणि त्यापेक्षा भारी आहे. कोणाचं ऐकू?
— एक दुकानदार, शहादा

उत्तर : ताई, तुमच्या सीएचं ऐका. खरंच सांगते.

दोन्ही माल आपल्याकडचेच. टॅली बेंगळुरूचं, १९८६ पासूनचं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं, खुल्या परवान्याचं, आणि भारी आहे यात वाद नाही : साठा, खरेदी, उधारी, पगार सगळं एका जागी, जीएसटीची सोयसुद्धा जोडता येते. पण ते सर्व्हरवर बसवावं लागतं, अपडेट करावं लागतं, बॅकअप बघावा लागतो. हे पुतण्या करणार. उद्या त्याला नाशिकला नोकरी लागली, तर जूनमध्ये कापसाच्या बियाण्याला रांग लागलेली असताना तुम्ही फोन कोणाला लावणार? सॉफ्टवेअर फुकट असेल, सांभाळणारा फुकट नसतो. टॅली जाणणारी माणसं शहाद्यात एका हाकेवर मिळतील.

तुमच्या धंद्यात एकाच बिलावर करमुक्त बियाणं, ५ टक्क्यांचं खत आणि १८ टक्क्यांचं कीटकनाशक येतं. हे वेगळं करून विवरणपत्राला लागेल तसं काढून देणं हे खरं काम. ग्नूकॅश नावाचं आणखी एक फुकटचं आहे, घरच्या जमाखर्चाला मी स्वतः तेच वापरते, पण आपलं जीएसटी त्याला तयार येत नाही. (अनुदानित खताची विक्री नोंदवणारं पॉस मशीन या सगळ्यापासून वेगळं, ते जसं आहे तसंच राहणार.)

टॅलीचा एका मशीनचा कायमचा परवाना घ्या. त्याचं वार्षिक नूतनीकरण चुकलं तरी सॉफ्टवेअर चालू राहतं, फक्त नव्या सुधारणा मिळत नाहीत, आणि कराचे नियम बदलतात तेव्हा त्याच हव्या असतात. म्हणून तो खर्च हिशेबात धरूनच ठरवा. दर महिन्याला खातेवही एक्सेलमध्ये काढून ठेवायची सवय लावा. पुढे कधी दुसरीकडे जायचं ठरलं तर आकडे कुणाच्या कुलपात अडकलेले नकोत. दोन-तीन शाखा झाल्या, पगारी संगणकवाला ठेवला, तर मात्र पुतण्याला बोलवा आणि ईआरपीनेक्स्टचा पुन्हा विचार करा.

प्रश्न : धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. देणगीतून जुने संगणक आलेत, विंडोज ७ चे. फार हळू चालतात, नेट असून नसल्यासारखं. टाकून द्यावेत की काही होईल?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, टाकू नका. तुमच्या बाबतीत मी डोळे झाकून लिनक्स सांगेन.

विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नसणार. म्हणजे विकतचा रस्ता तुमच्यापुरता बंदच आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असली तर आरामात. त्यात लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आधीच बसवलेलं येतं, त्यामुळे नेट नसलं तरी पहिल्या दिवसापासून काम सुरू. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबंटूवरून स्वतःची आवृत्ती काढते.

सरल आणि यू-डायस या शाळेची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलांचं काम ब्राउझरमध्ये होतं, त्याला अडचण नाही. केंद्रातून येणारे वर्डचे तक्ते उघडतील, पण विंडोजचा मंगल फाँट तिथे नसल्याने ओळी खालीवर होतील. पुढे पाठवताना पीडीएफ करून पाठवा. मोठ्या मुलांना एमएस-सीआयटी करायचं असेल तर एखादं मशीन विंडोजचं लागेल, ते तालुक्याला सेंटरवर मिळतं.

मिंट घरी उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करून पाहता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. तेव्हाच प्रिंटर, आवाज आणि वायफाय तपासा. जुन्या लेझर प्रिंटरपैकी काहींचे ड्रायव्हर लिनक्सवर फार छळतात. मशीन ६४-बिट आहे का तेही त्याच वेळी कळेल, नसेल तर मिंटची ही आवृत्ती सुरूच होणार नाही. पैसे थोडेफार जमले तर सगळ्यात आधी जुन्या हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवा, रॅम नंतर.