गोबरगॅसची गळती: आधी एवढे पाहा
गॅस कमी मिळतो म्हणून शेण वाढवण्याआधी गळती शोधा, हा माझा पहिला आग्रह आहे. संयंत्र तरंगत्या टाकीचे, म्हणजे गॅस साठेल तशी टाकी वर येणारे असेल, तर एका रात्री टाकीवरचा मुख्य कॉक बंद ठेवा आणि दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून फक्त शेगडीजवळचा कॉक बंद करा. दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी टाकी पहिल्या रात्रीपेक्षा कमी वर आलेली दिसली, तर गळती बहुधा पाइपात आहे असे समजावे. मग टाकी भरलेली असताना प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावून धीराने पाहा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. काडी पेटवून गळती शोधण्याची चूक कधीही करू नका. या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन हा पेट घेणारा वायू असतो आणि तो पत्र्याखाली साठू शकतो.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्यावरची रबरी नळी क्लिपेपाशी तडकते. ती सावलीतून न्या आणि भेग दिसताच बदला. ज्योत फडफडत असेल, तर बहुधा पाइपात पाणी साचलेले असते. ते सखल जागेच्या कॉकमधून काढावे. टाकी उचलून खड्ड्यात उतरण्याचे धाडस मात्र जाणकार माणसाशिवाय करू नका.