दुबईहून कच्चे हिरे मागवायचे तर कोणते कागद लागतात?

तुमचं नागपूरच्या इतवारीत सराफी दुकान आहे. दुबईहून कच्चे हिरे मागवायचे, सुरतेत पैलू पाडून घ्यायचे आणि तयार माल बाहेर विकायचा, त्याला कायद्याने काय लागतं, असं तुम्ही विचारलंय. मी इतवारीतच एका पेढीचे आयात-निर्यातीचे कागद बघतो, तेवढ्यावरून सांगतो.

आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो, नंबर तुमचा पॅनच असतो. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात की कोड बंद, आणि कळतं कधी? माल कस्टममध्ये येऊन बसल्यावर! जीएसटी नोंदणी असेलच. जीजेईपीसीचं, म्हणजे हिरे-दागिने निर्यात परिषदेचं सदस्यत्वही घेऊन ठेवा.

खरी मेख किंबर्ले प्रमाणपत्रात आहे. आफ्रिकेत बंडखोर टोळ्या हिरे विकून लढाया चालवत, त्याला आळा म्हणून २००३ पासून ही योजना लागू झाली. कच्चा हिरा सीलबंद डब्यात, निघाल्या देशाच्या सरकारी प्रमाणपत्रासह आला पाहिजे. योजनेबाहेरच्या देशाशी व्यवहारच नाही. आपल्याकडे हे काम जीजेईपीसी बघते. माल निघाल्यावर प्रमाणपत्र मागाहून पाठवतो, असं कोणी म्हणालं तर सौदा तिथेच सोडा. ओळखीच्या माणसाच्या खिशातून आणणं म्हणजे सरळ तस्करी, माल जप्त.

आमच्या पहिल्याच पुडीला प्रमाणपत्रावर ४२.८० कॅरेट होतं आणि बिलावर ४८.२०. विकणाऱ्याच्या माणसाने आकडे उलटे मारलेले. काट्यावर ४२.८० च भरले, तरी पुडी सुटेना. दुरुस्त बिल येऊन सगळं मिटेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि सुरतेचा कारखानदार रोज फोन करून राहिला होता. आता माल निघण्याआधीच मी दोन्ही कागदांचे फोटो मागवतो आणि आकडे मोठ्याने वाचतो. शेजारचे हसतात, हसू देत.

पैलू पडले की किंबर्लेचा संबंध संपला. मग बिल, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे मुदतीत बँकेतूनच आलेले पैसे, एवढं बघायचं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही किंबर्ले नाही, पण तो तसाच जाहीर करावा लागतो. नैसर्गिक मालात मिसळलात तर गेलात. देशात विकताना एका गिऱ्हाइकाकडून दिवसाला दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही.

आणखी एक. आपल्या बाजारात जांगडवर, म्हणजे पसंत पडला तर ठेवा नाहीतर परत द्या अशा बोलीवर, नुसत्या चिठ्ठीवर माल फिरतो. परदेशी पार्टीला पसंतीसाठी माल पाठवायचा तर मात्र तो शिपिंग बिलावर कन्साइनमेंट, म्हणजे अजून न विकलेला माल म्हणूनच दाखवावा लागतो. चिठ्ठी तिथे चालत नाही.