विचारा की! : परेड बघून रात्रीच निघायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत रामोजी फिल्म सिटीला जायचं चाललंय, मोठी सहा वर्षांची, धाकटा तीनचा, सोबत सासूबाई. आमच्या ह्यांचं म्हणणं, पहाटे चारला सोलापूर सोडायचं, दिवसभर सगळं फिरायचं, रात्रीचं लायटिंग आणि परेड बघूनच बाहेर पडायचं आणि तशीच गाडी घराकडं काढायची, हॉटेलचा खर्च वाचतो, पोरं काय मागं झोपतील. माझ्या तर आत्तापासूनच पोटात गोळा आलाय, पण एवढ्या महागाची तिकिटं काढून अर्ध्यातनं निघायचंही जिवावर येतं. पोरांना एवढं जागवावं का?
– एक आई, विजापूर रोड

उत्तर : जागवा की, त्यात काय एवढं! जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानात बघा, रात्री उशिरापर्यंत निम्मं सोलापूर पोरंटोरं घेऊन पाळण्याच्या रांगेत असतं. पण तिथं जाणारं पोरगं दुपारी घरी मस्त झोपलेलं असतं आणि कंटाळलं की रिक्षा करून घरी, हे दोन्ही तुमच्या प्लॅनमध्ये नाही. म्हणजे माझी हरकत रात्रीला नाहीच, पहाटे चारला आहे.

कसंय, तीन वर्षांच्या पोराला चोवीस तासांत, दुपारची धरून, 10 ते 13 तास झोप लागते, सहाच्या मुलीला 9 ते 12. चारला उचललं की पहाटेची गेली, गाडीत डुलक्या घेतल्या तरी खड्डा, टोलनाका, ब्रेक, लागते कुठं नीट. दुपारपर्यंत पोरगं हसतंखेळतं असेल, तुम्ही म्हणाल ताईंनी उगीच घाबरवलं, आणि मग संध्याकाळी लाइट लागायच्या वेळेला, म्हणजे ज्यासाठी थांबलात नेमकं तेव्हाच, भोकाड. एक खूण सांगते, पेंगणारं पोर बघून सगळ्यांनाच कळतं, पण काही पोरं झोप अनावर झाली की उलटी चेकाळतात, पळत सुटतात, कारण नसताना खदाखदा हसतात. आपल्याला वाटतं किती एंजॉय करतंय! पुढच्या अर्ध्या तासात रडारड ठरलेली.

तर आदल्या दिवशी दुपारी निघा आणि मुक्काम फिल्म सिटीच्या बाजूला करा. हे का, तर ती हैदराबादच्या पलीकडं, विजयवाडा रोडला आहे. आपण नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत त्याच 65 नंबर हायवेनं जातो, मग शहरात न शिरता आउटर रिंग रोडनं वळसा घालून पेद्दा अंबरपेटला उतरायचं. तिकिटाचं पॅकेज नीट वाचा, कारण नेहमीच्या दिवसाच्या टूरमध्ये रात्रीचा कार्यक्रम नसतो, तो सुट्ट्यांच्या हंगामात ठरावीक तारखांना आणि वेगळ्या पॅकेजमध्ये असतो, तेव्हा पैसे भरायच्या आधी फोन करून तारीख आणि संपायची वेळ विचारा.

आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट सोडा. 1996 साली सुरू झालेलं, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नाव असलेलं हे ठिकाण, ते सगळं एका दिवसात ना तुमच्याच्यानं होणार ना सासूबाईंच्या गुडघ्यांच्यानं. सकाळी बसची टूर करा, बसल्या बसल्या सेट बघून होतात. दुपारी जेवण झालं की दोन-अडीच तास काहीही बघायचं नाही. काहीही म्हणजे काहीही, एवढंच एक तेवढं दाखवतो असं ह्यांनी म्हटलं तरी नाही. घडीची बाबागाडी घरातनं न्याच, पोरगं चालतंय आता, कशाला, असं म्हणू नका. सावलीला लावा, मागचा भाग आडवा करा, बूट काढा, वरनं ओढणी जरा सैल टाका, हवा खेळती पाहिजे, आणि सासूबाईंनी शेजारी बसून हळूहळू मागंपुढं करावी, त्यांनाही टेकायला मिळतं. तेवढ्यात ह्यांनी मोठीला घेऊन फंडुस्तानला जावं, मुलांच्या खेळांचा भाग तो. तिचं आटपलं की अदलाबदल.

परेडच्या आधी, सातच्या सुमाराला, पोरांना खाऊ घाला आणि बाथरूमला नेऊन आणा, नंतर गर्दीत हालता येत नाही. पहिली रांग पकडायच्या भानगडीत पडू नका. मोठाले मुखवटे, रंगवलेले चेहरे, उंच काठ्यांवर चालणारी माणसं अगदी जवळनं गेली की तीन वर्षांचं पोर घाबरून गळ्यातच पडतं, स्पीकरचा दणका वेगळाच. थोडं मागं, बाहेर पडायच्या वाटेच्या बाजूला उभं राहा. स्वेटर, कानटोपी जवळ ठेवा, डिसेंबरात तिकडं रात्री चांगलं गार होतं. सकाळीच दोघांचा आजच्या कपड्यातला एक फोटो काढून ठेवा आणि मनगटावर बॉलपेननं तुमचा नंबर लिहा, चुकामूक झालीच तर रंग आठवत बसायला नको. कडक भाकरी, शेंगाची चटणी गाडीत राहू दे, बाहेरचं खाणं आत सहसा सोडत नाहीत, लहान मुलांच्या खाण्याचं मात्र गेटवर विचारा.

आता तुमच्या ह्यांच्यासाठी, हा भाग त्यांना वाचून दाखवा. रात्री साडेनऊला बाहेर पडलात तर रिंग रोड, मग सगळा हायवे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उमरगा-नळदुर्गच्या पट्ट्यात रात्री दोन ते तीनच्या सुमाराला. तीच वेळ ड्रायव्हरला डुलकी लागायची, दिवसभर उन्हात पाय तुटेपर्यंत फिरलेल्या माणसाला तर हमखास, चहा पिऊन ती जात नाही. मागच्या सीटवर आडवी झोपलेली पोरं म्हणजे बिनबेल्टची पोरं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तर कायद्यानं हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, ब्रेक दाबला तर ते पोर कुठं जाईल? हॉटेलचे पैसे वाचवायची ही जागा नाही. रात्री तिथंच झोपा, सकाळी आरामात नाष्टा करून निघा. आणि समजा मुक्काम जमतच नसेल तर परेडवर पाणी सोडा, संध्याकाळी पाचला निघा, अकरा-साडेअकराला घरी.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. जूनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच चाललोय आणि त्यानं पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी ओरलँडोच्या मॅजिक किंगडमचं, म्हणजे डिस्नेच्या पार्कचं, बुकिंग केलंय. नात चार वर्षांची, रात्रीची आतषबाजी बघूनच यायचं म्हणे. वय सत्तरीचं, जागरण झेपेल का?
– आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : काका, रात्रीची काळजी तुम्ही करूच नका. जूनमध्ये ते साडेनऊ तास आपल्या मागं असतात, तिथं रात्रीचे नऊ म्हणजे इथं सकाळचे साडेसहा, तुमच्या शरीराच्या हिशोबानं चहाची वेळ! पंचाईत दुपारी होणार, तिथले दोन म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, बाकावर बसल्या जागी मान पडेल. नात तिथलीच, तिला रात्री झोप येणार. म्हणून मुलाला सांगा, दुपारी सगळ्यांनी रूमवर जाऊन झोपायचं आणि संध्याकाळी परत यायचं, त्याच दिवशीच्या तिकिटावर पुन्हा आत सोडतात. तसंही जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी गडगडाट होऊन पाऊस कोसळायचा फार संभव असतो.

मोठ्या राइडला नातीची उंची पुरली नाही तर रायडर स्विच म्हणून सोय आहे, एकानं तिच्याजवळ थांबायचं, दुसरा जाऊन आला की थांबलेल्यानं पुन्हा आख्खी रांग न लावता जायचं. आतषबाजीचा आवाज जोरदार असतो, तिच्यासाठी कानावर लावायचे मफ घ्या. संपलं की सगळी गर्दी एकदम गेटकडं सुटते आणि बाहेरनं गाडी घेऊन आलेल्यांचं पार्किंग तळ्याच्या पलीकडं, मोनोरेल नाहीतर फेरीबोटनं जावं लागतं. त्या लोंढ्यात घुसू नका. अर्धा तास आतच बाकावर बसा, नात बाबागाडीत झोपलेली असेल, तुम्ही तर टक्क जागेच असणार.